ओनुईच्या कपाळावरची कोरी जागा

एदो
कान्सेईचं आठवं वर्ष, तिसऱ्या महिन्याची आठवी

ओताकीस,
मातादाजीचे अनेक आशीर्वाद.

आधी खुशाली सांग, एकेकाची. तुझ्या सासूबाईंचे गुडघे थंडीत फार छळले का? क्यूरोकूंचा खोकला गेला का? होडीवर उघड्या छातीनं बसू नका म्हणून मी दरवर्षी सांगतो आणि ते दरवर्षी मान डोलावतात. पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या हातांना भेगा पडल्या होत्या, त्या भरल्या का? ती लंगडी मांजरी अजून मासळीच्या टोपलीत झोपते का? कातोरीच्या देवाला जाणारे यात्रेकरू तुमच्याकडे उतरायला लागले असतील. म्हणजे तुला बसायला फुरसत नाही, हे बरंच आहे.

सगळ्यांची नावं घेतली. एक नाव सवयीनं कुंचल्याच्या टोकावर आलं होतं, ते तिथंच थांबलं. तू समजून घेशील.

माझं बरं चाललंय. सून ओकिनु वेळेवर भात घालते आणि वेळेवर टोमणेही. तुझी ताई गेल्यापासून घरात मला दमात घ्यायला कुणी नव्हतं, ती जागा हिनं भरून काढली. डोळ्यांचं विचारू नकोस, दोन्ही जागच्या जागी आहेत.

आता मुद्द्याचं. चित्रकार बाइसुई गेल्या महिन्यात गेला. साके पिता पिता गेला, म्हणजे कामावर असतानाच गेला म्हणायचं. तीस वर्षं त्यानं काढलं आणि मी चेरीच्या फळीत कोरलं. प्लमच्या झाडाखालच्या बायका, काजवे पकडणाऱ्या, बर्फात छत्री धरून उभ्या राहिलेल्या. या शहरातल्या मोठ्या लोकांच्या सगळ्या बागा मला लाकडातून ठाऊक आहेत. माझी स्वतःची बाग म्हणजे खिडकीतल्या दोन कुंड्या.

जाण्याआधी आठ दिवस तो मला म्हणाला, “माता, माझं सगळ्यांत चांगलं चित्र मी तुझ्या मेहुणीकडे ठेवून आलो.” गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तो तुमच्याकडे उतरला होता, तेव्हा मागच्या बागेत फुलं खुडणाऱ्या तुझ्या लेकीला, आपल्या ओनुईला त्यानं काढलं, हे मला तेव्हा कळलं. ती शरदातल्या वादळी वाऱ्यासारखी अशी अचानक जाईल, हे ना त्याला ठाऊक होतं ना आपल्याला.

आमचा प्रकाशक त्सुबाकिया ते चित्र छापायला उत्सुक आहे. पण त्याचं सोड. मलाच ते कोरायचं आहे. आयुष्यात इतक्या परक्या बायका कोरल्या, एक आपली कोरून हात थांबवावा असं वाटतं. चित्र पाठवशील का?

तुझा,
मातादाजी

* * *

सावारा
तिसऱ्या महिन्याची एकविसावी

ती. दाजींना ओताकीचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा आणि मी तीनदा वाचलं, तेव्हा कुठं लागलं. तुम्ही अक्षरं कोरीव फळ्यांवरून शिकलात हे ताई सांगायची. तुमची निम्मी अक्षरं अजून उलट्या तोंडानं उभी असतात. पण मजकूर सरळ आहे.

सासूबाईंचे गुडघे त्यांच्या जिभेपेक्षा बरे आहेत. त्या हल्ली मधेच विसरतात आणि ओनुईला हाका मारतात. आम्ही “येतेय” म्हणतो. ह्यांचा खोकला गेला. माझे हात बरे. मांजरीला चार पिल्लं झाली, चारही धडधाकट. ओकिनुला सांगा, दाजींना दमात घेण्याचं पुण्य तिला लागेल.

चित्र कपाटात आहे, कापुराच्या वड्यांत. त्या दिवशी तुमचे बाइसुई सकाळपासून प्यायले होते. मी मनात म्हटलं, हा माणूस फळकुटाच्या पुलावरून पाण्यात पडणार. ओनुई अयामेची फुलं कापायला पाण्याशी वाकली होती. ते खांबाला टेकून बसले, कागद मांडीवर ठेवला, आणि माझा चहा निवायच्या आत उठले. “आजी, झालं,” म्हणाले. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते, दाजी. आजी.

शेजारची ओयोने म्हणाली, “ही कसली ओनुई? चित्रातल्या सगळ्या बायकांचं तोंड असंच असतं, भोपळ्याच्या बीसारखं.” तोंडाचं तिचं खरं आहे. पण डाव्या हातानं उजवी बाही धरलीय ना, पाण्याला लागू नये म्हणून, ती ओनुई आहे. ती बाही मी शिवली होती आणि भिजवलीस तर बघ म्हणून दटावलं होतं.

ह्यांच्याबरोबर चित्र पाठवतेय. तुमचं कोरून झालं की तसंच गुंडाळून परत द्या. सातव्या महिन्यात बोनचा सण येईल. ओनुई गेल्यानंतरचा हा पहिलाच बोन, गेलेल्या सगळ्यांबरोबर ती घरी येईल. तेव्हा देवघरात मला ते लावायचं आहे. तिची दुसरी खूण माझ्याकडे नाही. कागदावर एक डाग पडू देऊ नका.

ओताकी

* * *

एदो
चौथ्या महिन्याची पाचवी

ओताकी,

आज खुशाली शेवटी विचारतो. आधी जे झालं ते सांगतो.

परवा क्यूरोकू आले. ओसरीवर बसले, गुंडाळी पुढं केली आणि म्हणाले, “घ्या.” तुझा नवरा म्हणजे बोलण्यावर सरकारनं कर बसवलाय अशा थाटाचा. मी हात धुतले आणि चित्र उघडलं.

ओताकी, मी सहासष्ट वर्षांचा आहे आणि हे काम पंचेचाळीस वर्षं करतोय. बाइसुईच्या रेघा मला माझ्या तळहातापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तरी मी बसलो तो बसलोच. मानेपासून पाठीवरून खाली कपड्याच्या घोळापर्यंत एकच रेघ आहे. ती कुठं सुरू झाली ते सापडत नाही. पाणी तर त्यानं काढलंच नाही; फुलांचे देठ जिथं संपतात तिथं पाणी आपोआप आहे. माझा शागीर्द इहेई, चाळिशीचा बाप्या, चिलीम तोंडात धरून ओढायची विसरला. शेवटी म्हणाला, “गुरुजी, ही श्वास घेतेय.” मी म्हटलं, “मग तू तुझा धर. कागद उडेल.”

मला दम कुठला. सात वर्षं वाळवलेली डोंगरी चेरीची फळी घासून तयार होती. मी खळ कालवली, तळहातानं फळीवर पसरली. दोन कोपरे मी धरले, दोन इहेईनं. चित्र फळीपासून दोन बोटांवर होतं. आणि ओसरीवरून तुझा नवरा बोलला.

“साडूभाऊ, चिठ्ठी पण आहे.”

“नंतर वाचतो.”

“आधी वाचायला सांगितलंय तिनं.”

“मग आधी द्यायची ना, भल्या माणसा.”

“चहा चालला होता,” क्यूरोकू म्हणाले.

मी तुझी चिठ्ठी वाचली आणि माझे हात लाकडाचे झाले. चूक माझी. आपल्याला जे रोजचं ते साऱ्या जगाला ठाऊक असतं असं माणूस धरून चालतो. तुला कुणी सांगितलंच नाही.

चित्र परत येत नसतं, ओताकी. ते फळीवर पालथं चिकटवतात. वाळलं की मागचा कागद बोटानं चोळून चोळून काढतात, नुसत्या रेघा दिसेपर्यंत. मग त्या कागदासकट सुरी लाकूड कापते. फळी तयार होते तेव्हा चित्राचा कपटाही राहिलेला नसतो. बाइसुईची सहाशे चित्रं मी अशी संपवली. तो म्हणायचा, कोश उकळल्याशिवाय रेशीम कुठलं?

त्सुबाकियाकडच्या नक्कल काढणाऱ्याला बोलावून पाहिलं. त्यानं पातळ कागद वर ठेवून गिरवलं, दोनदा. रेघा सगळ्या जागच्या जागी, पण बाही वाळत घातलेल्या फडक्यासारखी. ती नक्कल मी चुलीत घातली.

म्हणजे गोष्ट अशी आहे. चित्र ठेवलंस तर ते एकच राहील, आणि तुमच्या नदीकाठच्या दमटीत किती वर्षं राहील ते मी सांगू शकत नाही. एका कोपऱ्यात कसरीनं आत्ताच भोक पाडलंय. कोरू दिलंस तर दोनशे ओनुई होतील, पण बाइसुईच्या हातची ही उरणार नाही. फळीवरची खळ मी पुसून टाकलीय. चित्र माझ्या देवघरात, तुझ्या ताईच्या नावाच्या पाटीशेजारी ठेवलंय. तू सांगशील तसं.

सासूबाई बऱ्या ना? मांजरीची पिल्लं?

मातादाजी

* * *

सावारा
चौथ्या महिन्याची सोळावी

दाजी,

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला कळतं, तरी लिहितेय.

मुलगी एकदा मातीला दिली. दुसऱ्यांदा तुमच्या सुरीखाली ठेवणार नाही. दोनशे ओनुई घेऊन मी काय करू? मला एक पुरत नव्हती का?

ह्यांच्या हाती चित्र परत द्या. चिठ्ठी आधी द्यायची हे ह्यांना बजावलंय.

ओताकी

* * *

एदो
चौथ्या महिन्याची पंचविसावी

ओताकी,

चित्र पाठवतोय. तू बरोबर आहेस. नवा कापूर घातलाय, आणि बांबूच्या नळीत घालून दोन्ही तोंडं मेण लावून बंद केलीत. क्यूरोकूंनी नळी छातीशी बांधली आणि मला म्हणाले, “पावसात मी भिजेन, ही नाही.” इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्सुबाकियाला मी नाही सांगून आलो. तो दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी दुसरं काम घेऊन येईल. त्याचा तू विचार करू नकोस.

एकच गोष्ट सांगून विषय मिटवतो. न सांगितलेली राहिली तर मला टोचत राहील.

वीस दिवस चित्र माझ्याकडे होतं. रोज सकाळी मी त्याच्यापुढं बसत होतो आणि रोज माझी नजर एकाच जागी जाऊन अडत होती. तू पाहिलंस का, बाइसुईनं ओनुईचे केस काढलेलेच नाहीत. अंबाड्याची बाहेरची कड आहे, फणी आहे. पण कपाळापाशी, कानशिलावर, मानेवर जिथून केस फुटतात तिथं कोरा कागद आहे. तो विसरला नाही. ती जागा चित्रकार सोडूनच देतो, कारण ते काम कोरणाऱ्याचं. इथं केस कसे उगवलेत ते कोरणारा आपल्या मनानं कोरतो, एकेक करून. आमच्या धंद्यात माणसाचा हात कसा आहे हे तेवढ्या दोन बोटांच्या जागेवरून ओळखतात.

तर मी ठरवायला बसलो की ओनुईचे केस कसे कोरले असते. आणि मला आठवेनात.

सात वर्षांची असताना ती एक हिवाळाभर आमच्याकडे होती. तुझी ताई रोज सकाळी तिला पुढ्यात घेऊन विंचरायची. “हलू नकोस, बये,” असं रोज ऐकू यायचं. माझी पाठ त्यांच्याकडे असायची, कारण उजेड खिडकीकडून येतो. मी परक्या बायकांचे केस कोरत होतो, आणि घरातल्या पोरीचे एकदा वळून पाहिले नाहीत. तुझी ताई, माझी ओनामी असती तर तिनं सांगितले असते. आता कुणाला विचारणार? तुला विचारायचं तोंड नाही.

चित्र जप. पावसाळा येतोय, आठवड्यातून एकदा सावलीत उघडून ठेव.

मातादाजी

* * *

सावारा
पाचव्या महिन्याची एकोणिसावी

दाजींना नमस्कार.

वीस-बावीस दिवस तुमच्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. रागानं नाही. अयामे फुलल्यात, घर यात्रेकरूंनी भरलंय, सासूबाई दोनदा उठून पुलावर गेल्या. पण ही सगळी निमित्तं. खरं म्हणजे तुमचं पत्र वाचल्यावर मी चित्र बाहेर काढलं आणि मागच्या बागेत नेऊन, जिथं ती उभी होती तिथंच धरून पाहिलं.

आठ महिने मी ते बघतेय आणि मला वाटायचं, कपाळावर ऊन पडलंय.

आता जे लिहितेय ते ह्यांनाही सांगितलेलं नाही. नवव्या महिन्यात ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिचे केस उतरवले. भटजींनी वस्तरा चालवला आणि डोकं मी धरलं होतं. तळहातात मावलं, दाजी, जन्मली तेव्हा मावलं होतं तसं. तेव्हापासून डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं. एकोणीस वर्षं मी तिला केसांसकट पाहिलं आणि एक दिवस तसं. पण तो एक दिवस सगळ्या वर्षांवर बसलाय. मी कितीदा आठवायला बसले, ती पुलावरून येतेय, हसतेय, बाही धरलीय, आणि डोकं तसंच. म्हणून मला ते चित्र देवघरात हवं होतं. वाटलं होतं, त्यात तरी तिचे केस आहेत. आणि तुम्ही लिहिलंत की त्यातही नाहीत.

त्या रात्री फार रडले. सकाळी उठले तर बोटांनी आठवलं. डोळ्यांना आठवत नव्हतं, पण फणी हातात घेतली आणि बोटांना सगळं ठाऊक होतं. तर लिहून घ्या.

कपाळ रुंद नव्हतं. केस मधोमध थोडे खाली येऊन टोक करत होते, तांदळाच्या दाण्याएवढं. उजव्या कानशिलावर विरळ, तिथं लहानपणी ताप उतरल्यावर गळले ते पुरते भरले नाहीत. डाव्या कानशिलावर भोवरा, बाहेरच्या बाजूला वळणारा. कॅमेलियाचं तेल लावा, मेण लावा, तो बसायचा नाही. मी रोज बोट ओलं करून दाबायची. फाटकापर्यंत टिकायचा, पुलावर पुन्हा उभा. मानेवर बारीक केस, तीन शेपट्या, मधली आखूड. ते अंबाड्यात कधीच आले नाहीत. ती म्हणायची, “राहू दे गं आई, त्यांना वारा खायचाय.”

पट्टा गेरूच्या रंगाचा होता. कपडा पांढरा, त्यावर निळे चतुर.

चित्र ह्यांच्याबरोबर पाठवतेय. चिकटवा पालथं. चोळा, कापा, काय करायचं ते करा. बाइसुईंची रेघ गेली तर जाऊ दे.

मात्र केस तुमच्या हातचे हवेत. इहेईंच्या नाही, कुणाच्या नाही. तिला तिचे केस परत द्या, दाजी. बोनच्या आधी.

ओताकी

* * *

एदो
सहाव्या महिन्याची अठ्ठाविसावी

ओताकी,

झालं.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. पहिल्या पत्रात डोळे जागच्या जागी आहेत लिहिलं ते खरं. पण ते तिथं नुसते बसून असतात. दोन वर्षं मी केस कोरलेले नाहीत. कपडे, झाडं, पूल एवढं मी करतो आणि डोकी इहेई करतो. धंद्यात कुणाला कळू दिलेलं नाही. तुझं पत्र वाचून मी इहेईकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, मी कोरतो. बाईंना काय कळणार?” मी म्हटलं, “तिला कळेल. तिच्या बोटांना कळेल.”

चित्र चिकटवलं त्या सकाळी मी देवघरात दिवा लावून बाइसुईची माफी मागितली. मग बोट ओलं करून मागचा कागद चोळायला लागलो. त्याची वळकटी होऊन निघत गेली आणि खालून रेघा वर आल्या, जशी धुक्यातून होडी येते. पालथी झाल्यामुळं ओनुई आता उजवीकडे तोंड करून होती. चित्र असं कागदाकडून लाकडात जाताना मी हजारदा पाहिलंय. त्या दिवशी कुणीतरी उंबरा ओलांडताना पाहिल्यासारखं वाटलं.

फुलं, बाही, पूल इहेईनं कोरले. डोकं राहिलं.

केस कोरणं म्हणजे केस सोडणं. दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं आणि मधे केसाएवढी भिंत उभी ठेवायची. नखाएवढ्या जागेत चौदा भिंती. एक मोडली की डोकं गेलं. पावसाची झड होती, उजेड मिळेना. झड थांबल्यावर नऊ सकाळी मी बसलो, ऊन खिडकीतून फळीवर असेपर्यंतच. इहेईला शेजारी बसवून तुझं पत्र वाचायला लावलं.

“डाव्या कानशिलावर भोवरा,” तो वाचायचा, “बाहेरच्या बाजूला वळणारा. गुरुजी, तुम्ही उजवीकडे सुरी लावलीय.”

“फळीवर डावं ते उजवं. चाळीस वर्षांचा झालास.”

“मी कोरू का थोडं?”

“तू गप वाच.”

मला रेघ दिसत नव्हती, ओताकी. सुरीचं टोक दिसत नव्हतं. पण तू लिहिलंस तसंच झालं. डोळ्यांना येईना ते बोटांना येत होतं. लाकूड सुरीला सांगायचं, इथं वळ. दोन श्वासांच्या मधे एक केस. भोवरा कोरत होतो तेव्हा पाठीमागं स्वयंपाकघरात ओकिनु नातीला विंचरत होती, “हलू नकोस, बये.” मी सुरी ठेवली आणि या वेळी वळून पाहिलं. मग पुढं कोरलं. मानेवरच्या तीन शेपट्या शेवटच्या सकाळी. मधली आखूड.

काजळीची पहिली छाप घेतली. छापणाऱ्यानं कागद कोपऱ्याला धरून उचलला आणि तो तसाच धरून उभा राहिला. ओकिनु हात पुसत आली, बघितलं आणि माझ्यासाठी चहा करायला गेली. तिनं टोमणा मारला नाही यावरून समज.

त्सुबाकिया आला. “मास्तर, हे डाव्या बाजूला काय उभं राहिलंय? बागेतल्या सुंदर बाईचा केस असा उडतो का? दोन टवके मारा, सपाट करा.”

मी म्हटलं, “मग बाइसुईचं शेवटचं चित्र दुसऱ्याकडून कोरून घ्या. चित्र मात्र उरलेलं नाही.”

तो चिडून छाप उजेडात घेऊन गेला. तीस वर्षं त्यानं बायकांची चित्रं विकलीत, माशासारखी, वजनावर. वळून मला हळू आवाजात विचारलं, “कोण होती ही?”

तीस वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं.

रंग तुझ्या पत्राबरहुकूम दिलेत. रंग लागलेली पहिली छाप तुझी, ती क्यूरोकूंच्या हाती देतोय. एक सांगून ठेवतो. फुलांचा आणि चतुरांचा निळा हा रानफुलाचा रंग आहे. तो टिकाऊ नाही. तुमच्या दमटीत दहा-बारा वर्षांत वाळक्या गवतासारखा होईल. वाईट वाटून घेऊ नकोस. केस काजळीचे आहेत. तू आणि मी गेल्यावरही ते काळेच राहतील.

मातादाजी

* * *

सावारा
सातव्या महिन्याची सतरावी

ती. दाजींना ओताकीचा साष्टांग नमस्कार.

काल तिला निरोप दिला. दिवे पाण्यात सोडले. हे होडी घेऊन दिव्यांच्या मागं वळणापर्यंत गेले आणि परत आले. बोन पार पडला, म्हणून आज लिहायला बसले.

तुमची छाप या महिन्याच्या तेरावीला सकाळी देवघरात लावली. ती उघडायचा धीर मला आधी होत नव्हता. हे म्हणाले, “उघड. मी वाटेत पाहिली.” मग त्यांनीच सांगितलं. त्सुबाकियाच्या दुकानासमोरून आले तेव्हा दोरीवर ओळीनं पंधरा-वीस लावल्या होत्या. वारा आला आणि सगळ्या एकदम हलल्या. “एवढ्या जणी मान वळवून उभ्या,” हे म्हणाले, “आणि एकीनंही ओळख दाखवली नाही. मी बराच वेळ थांबलो होतो.” दाजी, हा माणूस नवव्या महिन्यापासून रडला नव्हता. तुम्ही त्यांना लांब वाक्यं बोलायला शिकवलंत, आणखी काय काय शिकवलंत.

ओयोने आली, उदबत्ती लावली, वर पाहिलं. भोपळ्याच्या बीचं काही बोलली नाही. तिथंच बसली. तिनं ओनुईला पाळण्यात खेळवलं होतं.

सासूबाईंना आम्ही धरून आणलं. त्या हल्ली माणसं ओळखत नाहीत, मलाही परवा “कुठल्या गावच्या तुम्ही?” विचारलं. चित्रापुढं बसल्या, डोळे बारीक केले आणि चिडून मला म्हणाल्या, “अगं, पोरीचा भोवरा पुन्हा उठलाय बघ. देवाला निघालीय आणि अशी? तुझं लक्ष कुठं असतं?”

मी पुढं झाले. विचार करून नाही, सवयीनं. बोट जिभेला लावलं, ओलं केलं, डाव्या कानशिलाकडे नेलं. कागदापासून केसभर अंतरावर होतं तेव्हा भान आलं की ओलं बोट लागलं तर डाग पडेल. हात तसाच थांबला. इतक्या जवळून मी पाहिलं, एकेक केस मुळापासून निघून वळत होता, मधे कोरा कागद, त्यातून जणू वारा जाईल. हे माणसाच्या हातानं होतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

“राहू द्या, सासूबाई,” मी म्हटलं. “त्यांना वारा खायचाय.”

त्या दिवसापासून डोळे मिटले की पूल दिसतो, बाही दिसते. आणि डोक्यावर काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हीच कोरलंय.

बाइसुईंचं चित्र गेल्याचं दुःख मला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण कोश आणि रेशमाचं तुम्ही लिहिलं होतं, ते आता कळलं.

आता तुमच्या डोळ्यांचं. मला फसवलंत, याबद्दल ताई असती तर दोन दिवस उपाशी ठेवलं असतं. ओकिनुला माझ्या वतीनं एक दिवस ठेवायला सांगा. पाणी येतं का? ऊन सहन होतं का? आमच्याकडे देवळाखालच्या झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावतात, एक बुधली पाठवतेय. इहेई आणि नात बरे आहेत ना? हे पुन्हा सोळा दिवसांनी एदोला येतील, तोवर पत्र तयार ठेवा. उलटी अक्षरं चालतील, मला आता ती लागायला लागलीत. पण डोळे दुखत असतील तर इहेईंकडून लिहवून घ्या, दोनच ओळी, पण लवकर.

तुमची,
ओताकी